ढोल वाजतोय, पण फोटोत ऐकू का येत नाही? स्लो शटर आणि मोशन ब्लरचं सोपं गणित

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा रूममेट नऊ वर्षं पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात वाजवत होता. त्या वर्षी त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि अनंत चतुर्दशीची ती मिरवणूक त्याची शेवटची ठरली. "तुझ्याकडे कॅमेरा आहे ना, मग फोटो तूच काढ," असं त्याने मला सांगितलं. मी पण जोशात हो म्हणालो.

मी थोडंफार वाचलेलं होतं. हलणाऱ्या वस्तूचा फोटो काढायचा तर शटर स्पीड जास्त ठेवायचा, नाहीतर फोटो हलतो. म्हणून मी १/१००० सेकंद लावलं आणि दिवसभर तेच ठेवलं. रात्री लॅपटॉपवर फोटो उघडले. सगळे एकदम शार्प! घामाचे थेंब दिसत होते, फेट्याची वीण दिसत होती. मी खूश.

मित्राने सगळे फोटो शांतपणे बघितले आणि म्हणाला, "भारी आहेत रे. पण कुणी वाजवतंय असं वाटतच नाही."

आणि ते खरं होतं. हातात टिपरू उंच धरून सगळे जण नुसते उभे आहेत, असं दिसत होतं. जणू कुणीतरी "स्टॅच्यू" म्हटलंय.

पुढची गोष्ट जास्त वाईट आहे. अंधार पडल्यावर मी कॅमेरा ऑटोवर टाकला होता. तेव्हा काही फोटोंमध्ये हात 'हलले' होते. ते मी तिथेच रस्त्यात उभं राहून डिलीट केले, खराब आले म्हणून. त्यातला एकच चुकून राहिला. त्यात मित्राचा चेहरा नीट ओळखू येतो, पण उजवा हात आणि टिपरू मिळून एक पांढरट पट्टा झालाय. त्याने निवडला तो नेमका हाच फोटो. आज त्याच्या आईच्या घरात भिंतीवर तोच आहे.

मी फोटोची माहिती उघडून बघितली. शटर स्पीड होता १/२५ सेकंद.

ती मिरवणूक परत येणार नव्हती. पण हे असं का झालं, ते तरी नीट समजून घ्यायचं ठरवलं. हा लेख म्हणजे तेच आहे.

## शटर उघडं असताना आत काय होतं?

शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा ते. १/१००० म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, १/३० म्हणजे तिसावा भाग. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

मला स्वतःला जे उशिरा कळलं ते असं, की शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक पिक्सेल बेरीज करत असतो. आपण कोडमध्ये लूप लावून एका व्हेरिएबलमध्ये आकडे मिळवत जातो ना, तसंच. समोरून जो प्रकाश येईल तो जमा होत जातो. शटर बंद झालं की जी बेरीज उरते, तोच तुमचा फोटो.

आता तीन शक्यता बघा.

१. एखादी वस्तू शटर उघडं असताना पूर्ण वेळ जागच्या जागी राहिली, तर त्या पिक्सेलमध्ये फक्त तिचाच प्रकाश जमा होतो. वस्तू शार्प दिसते.

२. वस्तू थोडी सरकली, तर तिचा प्रकाश बऱ्याच पिक्सेलमध्ये वाटला जातो. पट्टा दिसतो. यालाच मोशन ब्लर म्हणायचं.

३. वस्तू फार वेगाने गेली किंवा ती फार बारीक असेल, तर एकेका पिक्सेलवर ती इतका कमी वेळ असते की बेरजेत तिचा वाटा नगण्य होतो. ती फोटोतून गायबच होते!

तिसरा मुद्दा ऐकायला विचित्र वाटतो, पण त्याचा पुरावा फोटोग्राफी जितकी जुनी आहे जवळपास तितकाच जुना आहे. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका रस्त्याचा, बुलेव्हार द्यू तांप्लचा, फोटो खिडकीतून काढला. तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. रस्ता वर्दळीचा होता, पण फोटोत तो रिकामा दिसतो. घोडागाड्या आणि चालणारी माणसं बेरजेतून गळून गेली. ठळक दिसतो तो एक माणूस, कारण तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. फोटोत आलेल्या अगदी पहिल्या माणसांमध्ये त्याची गणना होते, आणि ते केवळ तो हलला नाही म्हणून.

म्हणजे शटर स्पीड निवडताना आपण खरं तर एवढंच ठरवत असतो, की फोटोत काय टिकेल, कशाचा पट्टा होईल आणि काय पुसलं जाईल.

## टिपरूचं गणित

इंजिनिअर असल्यामुळे नुसतं "१/३० ट्राय करून बघा" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. म्हणून पुढच्या वर्षी नदीपात्रात पथकाचा सराव सुरू झाला तेव्हा मी फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढला, सेकंदाला २४० फ्रेमचा. टिपरूचं टोक वरून खाली साधारण ६० सेंटीमीटर यायला २९ च्या आसपास फ्रेम लागल्या. म्हणजे ०.१२ सेकंद. वेग निघाला सरासरी ५ मीटर प्रति सेकंद.

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, फोटो ६००० पिक्सेल रुंद. फ्रेममध्ये साधारण ३ मीटर रुंदीचं दृश्य येत असेल, तर १ मीटरला २००० पिक्सेल मिळतात. आता सूत्र सोपं आहे:

ब्लर (पिक्सेल) = वस्तूचा वेग × शटरची वेळ × एका मीटरला किती पिक्सेल

वाजवणाऱ्याचं डोकं आणि खांदेही हलतात, पण बरेच हळू. ते मी सेकंदाला २० सेंटीमीटर धरले. मग आकडे असे येतात:

- १/१००० सेकंद: टिपरू १० पिक्सेल सरकतं, चेहरा जागचा हलत नाही.
- १/२५० सेकंद: टिपरू ४० पिक्सेल, चेहरा २ पिक्सेल.
- १/६० सेकंद: टिपरू जवळपास १७०, चेहरा ७.
- १/३० सेकंद: टिपरू ३३०, चेहरा १३.
- १/१५ सेकंद: टिपरू ६७०, चेहरा २७.
- १/८ सेकंद: टिपरूचा वरून खालपर्यंतचा पूर्ण फटका, चेहरा ५०.

आता हा फोटो लोक बघणार कुठे? फोनवर. फोनची स्क्रीन १०८० पिक्सेल रुंद धरली तर वरचे आकडे साधारण साडेपाचने भागा. १/३० ला चेहऱ्याचा ब्लर उरतो २-३ पिक्सेल, म्हणजे डोळ्याला जाणवणारही नाही. टिपरूचा पट्टा मात्र ६० पिक्सेलचा, लांबूनही दिसेल असा. १/८ ला चेहराच ९ पिक्सेल पसरतो, तिथे डोळे-नाक ओळखू येणं अवघड होतं.

म्हणजे या दृश्यासाठी कामाचा पट्टा आहे १/६० ते १/१५ चा. माझ्या कॅमेऱ्याने ऑटोमध्ये १/२५ लावलं होतं, ते नेमकं याच्या मधोमध पडतं. कॅमेऱ्याला ढोल कळला नव्हता, फक्त अंधार पडला होता!

१/२५० ची ओळ पण परत एकदा बघा. फोनवर टिपरूचा ब्लर येतो फक्त ७ पिक्सेल. हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. धड शार्प नाही, धड पट्टा नाही. बघणाऱ्याला वाटतं फोटो चुकलाय. थोडासा ब्लर चूक वाटतो, भरपूर ब्लर मुद्दाम केलेला वाटतो. तेव्हा करायचंच असेल तर खुलेपणाने करा.

## मग १/१००० ला 'स्टॅच्यू' का दिसले?

टिपरू वर जाऊन खाली वळतं, तेव्हा क्षणभर त्याचा वेग शून्य होतो. दिसायलाही तोच क्षण उठावदार असतो, त्यामुळे आपलं बोट नेमकं तेव्हाच बटण दाबतं. १/१००० मध्ये कॅमेऱ्याला फक्त तेवढाच क्षण मिळतो. टिपरू वर जात होतं, खाली येत होतं की नुसतं धरून ठेवलं होतं, याची काहीच माहिती फोटोत येत नाही.

१/२० किंवा १/३० ला याच गोष्टीचा फायदा होतो. वळणाच्या ठिकाणी टिपरू थोडं जास्त रेंगाळतं, म्हणून पट्ट्याच्या त्या टोकाला ते जरा ठळक उमटतं आणि खाली येताना विरळ होत जातं. फटका कुठून निघाला आणि कुठे चालला, हे एकाच फोटोत दिसतं. म्हणून टिपरू वर पोचायच्या क्षणाला नाही, तर खाली यायला लागताना बटण दाबा. हे जमायला सराव लागतो. ठेका आधी दोन-तीन आवर्तनं ऐका आणि मग सुरुवात करा.

## पट्टा दिसायचा तर मागे काळोख हवा

हे मला सरावातले फोटो वाया घालवल्यावर कळलं. टिपरू साधारण २ सेंटीमीटर जाड, म्हणजे ४० पिक्सेल. १/३० मध्ये ते ३३० पिक्सेल फिरतं. म्हणजे मार्गातल्या एकेका पिक्सेलवर ते फक्त १२ टक्के वेळ असतं. उरलेले ८८ टक्के वेळ तिथे मागचं दृश्य जमा होतं. मागे उजळ आकाश असेल तर टिपरू पुसलं जाणार. दागेरच्या घोडागाड्यांसारखंच!

उलट पांढऱ्या कुर्त्याची बाही जाड असते, उजळ असते. मागे सावलीतली भिंत किंवा झाडी असेल तर तिचा सुंदर पट्टा येतो. म्हणून जागा निवडताना आधी मागे काय आहे ते बघा.

ताशाच्या काड्या तर आणखी बारीक आणि आणखी वेगवान. १/३० ला त्या दिसतच नाहीत, नुसते हात दिसतात. ताशासाठी १/१२५ च्या आसपास जा. ध्वज मोठा आणि तुलनेने संथ, त्याला १/१५ किंवा १/८ सुद्धा चालतं.

## प्रकाश जास्त झाला तर?

१/१००० वरून १/३० वर आलात की सेन्सरवर साधारण ३२ पट प्रकाश पडतो. काही केलं नाही तर फोटो पांढराफटक येईल. हा प्रकाश तीन प्रकारे कमी करता येतो.

आयएसओ कमी करा. आधी १०० वर आणा.

अपर्चर लहान करा. एफ/८, एफ/११, फार तर एफ/१६. त्यापुढे गेलात तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळाच फोटो थोडा मऊ होतो.

एनडी फिल्टर लावा. हा कॅमेऱ्याचा गॉगल समजा. एनडी८ प्रकाश आठ पट कमी करतो, एनडी६४ चौसष्ट पट.

अंदाजासाठी दोन आकडे सांगतो. ढगाळ दिवशी आयएसओ १०० आणि एफ/११ ला साधारण १/३० मिळतं, फिल्टरची गरजच नाही. गणपतीत पुण्यात बऱ्याचदा ढगाळ असतंच. कडक उन्हात मात्र त्याच सेटिंगला १/२५० येतं. तिथे एनडी८ लावला की १/३० वर येता.

शटर प्रायॉरिटी मोड वापरा. निकॉन, सोनीवर 'एस' आणि कॅननवर 'टीव्ही' असं लिहिलेलं असतं. शटर तुम्ही ठरवा, बाकीचं कॅमेरा बघून घेतो.

दिव्यांच्या बाबतीत एक फायदा फुकट मिळतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. वेगवान शटरला त्यामुळे फोटोत काळे आडवे पट्टे येऊ शकतात. १/५० किंवा १/२५ मध्ये दिव्याची पूर्ण आवर्तनं बसतात, म्हणून हा त्रास बहुतेक वेळा जातो.

## आपला हात हलला तर?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दोन प्रकारचे ब्लर असतात. समोरची वस्तू हलली तर तेवढ्याच भागात पट्टा येतो, बाकी फोटो शार्प राहतो. कॅमेरा हलला तर सगळाच फोटो एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसतो. पहिला आपल्याला हवाय, दुसरा नकोय. फोटोत एक तरी गोष्ट शार्प असली पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याचा डोळा टेकायला जागाच राहत नाही.

लेन्समधलं किंवा बॉडीमधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर कमी करतं. समोरच्या माणसाचा हात ते थांबवू शकत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय! म्हणून ते चालू ठेवा. लेन्स २४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, झूम करू नका. गर्दीत ट्रायपॉड नेऊ नका, लोक अडखळतात. भिंतीला किंवा खांबाला टेका, कोपरं छातीशी धरा, श्वास सोडताना बटण दाबा. सलग चार-पाच फोटो काढा. त्यातले मधले बहुधा जास्त स्थिर येतात, कारण बटण दाबताना आणि सोडताना हात हलतो.

वस्तूबरोबर कॅमेरा फिरवला तर उलटा परिणाम मिळतो. त्याला पॅनिंग म्हणतात. ताशी ३० किलोमीटरने जाणारी स्कूटर १/३० सेकंदात साधारण २८ सेंटीमीटर पुढे जाते. तुम्ही तिच्याच वेगाने कॅमेरा फिरवलात तर स्कूटर शार्प आणि मागची दुकानं पट्टे होतात. बटण दाबल्यावर कॅमेरा थांबवू नका, फिरवत राहा. सुरुवातीला दहातला एक जमला तरी खूप.

## फक्त फोन असेल तर?

फोनमध्ये अपर्चर बहुतेक वेळा बदलता येत नाही, त्यामुळे दिवसा १/३० लावलं की फोटो जळतो. संध्याकाळी मात्र प्रो मोडमध्ये आयएसओ कमीत कमी ठेवून शटर १/३० किंवा १/१५ करा, छान जमतं.

दिवसा फोन वेगळी युक्ती करतात. बऱ्याच फ्रेम काढून त्यांची बेरीज सॉफ्टवेअरमध्ये करतात. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर 'लाँग एक्सपोजर' निवडता येतं. गूगल पिक्सेल ६ पासून यासाठी वेगळा मोशन मोड आहे.

मी स्वतः पायथॉनमध्ये व्हिडिओच्या फ्रेमची सरासरी काढून बघितली. दहा-बारा ओळींचा कोड, पण निकाल निराशाजनक होता. एका पट्ट्याऐवजी सहा-सात वेगवेगळी टिपरं दिसली! कारण शोधलं तर सोपं निघालं. उन्हात फोन प्रत्येक फ्रेमला १/१००० च्या आसपास शटर लावत होता. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे दर फ्रेममागे १/३० सेकंद, त्यातला फक्त ३ टक्के वेळ शटर उघडं. उरलेल्या ९७ टक्के वेळातली हालचाल नोंदलीच गेली नाही. जे नोंदलंच नाही ते सरासरी काढून कुठून येणार? धबधब्याला ही युक्ती चालते, कारण पाणी सारखं एकाच वाटेने पडत असतं. ढोलाला नाही चालत.

## माझा हिशोब

त्या सरावात मी चार संध्याकाळी मिळून सातशेच्या वर फोटो काढले. ठेवण्यासारखे निघाले एकोणीस. स्लो शटरमध्ये हे प्रमाण असंच असतं, त्याने खचून जाऊ नका. तुमच्याकडे वर्षातून एकदाच येणारा प्रसंग असेल तर त्याआधी सरावाला जा. ढोल नसेल तर घरी पोळ्या लाटणारे हात, टेबल फॅन, गल्लीत दोरीउड्या मारणारी मुलं, काहीही चालेल. १/२५०, १/६०, १/३०, १/१५ असे चार फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा. कुठला आकडा आपल्या दृश्याचा, ते दहा मिनिटांत कळतं.

आणि प्रसंगाच्या दिवशी एक करा. सुरुवातीला पाच-दहा फोटो १/१००० ला काढून घ्या, म्हणजे चेहरे हमखास मिळतील. मग शटर खाली आणा.

शेवटचं म्हणजे, रस्त्यात उभं राहून फोटो डिलीट करू नका. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर काय खराब आहे ते कळत नाही. मेमरी कार्ड स्वस्त असतं. मी त्या रात्री डिलीट केलेले पंधरा-वीस फोटो कसे होते, ते आता मला कधीच कळणार नाही.